आभारांची खतावणी : डिसेंबर 2021च्या प्रकल्प नोंदी

1 डिसेंबर 2021, बुधवार

पहाटेपासून अवकाळी पाऊस लागला आहे. चिपळूणमध्ये 22 जुलैच्या पुरानंतर पावसाचा आवाज कोणालाच नुसता ऐकता येत नाही. आमचे घर तळमजल्यावर असल्यामुळे मी रात्रीतून दोनदा उठून दाराबाहेर बॅटरी मारून पाहिली आणि अंगणात वीतभरही पाणी नाही याची खात्री झाल्यावरच पाठ टेकली.

आजपासून पहिलीपासूनच्या शाळा उघडल्या, त्यामुळे पाऊस असूनही बाजारातल्या आमच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात सकाळी गिऱ्हाईक आले. रेनकोट घातलेल्या एका मुलाने दुरेघी वही, शिसपेन्सिल आणि खोडरबर मागितले. शाळा मार्च 2020पासून बंद असल्याने दुरेघी वहीचा खपच थांबला होता. सुटे पैसे घेताना मुलाची आई म्हणाली, ‘‘दुकान परत उघडलंत, बरं झालं हो.’’ त्यावर काय बोलावे ते मला सुचले नाही. दुकान आम्ही दसऱ्याला, 15 ऑक्टोबरला, पुन्हा उघडले हे खरे. पण ते आम्ही दोघांनी उघडले असे म्हणणे हिशेबाला धरून नाही.

संध्याकाळी ह्यांनी कॅलेंडरकडे बघत ‘‘एकदाचं संपू दे हे वर्ष’’ असे म्हटले. मी बत्तीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात पुस्तपालन शिकवले आणि याच वर्षी 31 मे रोजी निवृत्त झाले. हिशेब न मिटवता वर्ष संपवण्याची मला सवय नाही. एप्रिलमध्ये थोरले दीर, ज्यांना सगळे घर अण्णा म्हणत असे, कोरोनाने गेले. जुलैत पूर आला. नुकसानीची यादी ऑगस्टमध्ये तयार झाली, कारण पंचनाम्याला ती लागत होती. वह्यांचे गठ्ठे, कंपास पेट्या, झेरॉक्स यंत्र, घरचा फ्रीज, गाद्या, शिलाई यंत्र असे सगळे त्या यादीत अनुक्रमांकासह आहे. जमेची यादी मात्र कोणी मागितली नाही, म्हणून ती झालीच नाही.

प्रकल्पाचे स्वरूप आज ठरवले. या वर्षात ज्यांनी आम्हाला काही दिले त्या प्रत्येकाच्या नावाचे पान नव्या खतावणीत, म्हणजे खातेवार हिशेबाच्या वहीत, उघडायचे, काय दिले ते लिहायचे आणि 31 डिसेंबरपूर्वी प्रत्येकाला स्वहस्ते पोस्टकार्ड पाठवायचे. माझ्या अंदाजाने बारा-पंधरा पाने पुरतील. माणसांची नावे खतावणीतच राहतील. या नोंदींत ती लिहिणार नाही.

3 डिसेंबर, शुक्रवार

अंदाज चुकला. दोन दिवसांत 29 पाने झाली आणि त्यातल्या 10 पानांना नाव नाही.

विद्यार्थ्यांना पहिल्या आठवड्यात शिकवायचा नियम म्हणजे लाभ घेणाऱ्याचे खाते नावे (डेबिट) आणि लाभ देणाऱ्याचे खाते जमा (क्रेडिट). घेणारे आम्ही, हे स्पष्ट आहे. देणारा कोण हे ठाऊक नसेल तेव्हा रक्कम तात्पुरती ज्या खात्यात टाकतात त्याला बाजारात उचंत खाते म्हणतात. मुलांना मी नेहमी बजावत असे की उचंत खाते ही सोय आहे, आळशीपणाची सवलत नव्हे, आणि वर्षअखेरीपूर्वी ते शून्यावर आणलेच पाहिजे. माझ्याच खतावणीत आज सर्वांत वेगाने वाढणारे खाते तेच आहे.

4 डिसेंबर, शनिवार

पहिले अवघड पान वरच्या मजल्याचे.

दुसऱ्या मजल्यावरच्या कुटुंबाशी आमचा तीन वर्षे अबोला होता. 2018 साली इमारतीच्या पाण्याची मोटार जळाली आणि तिच्या दुरुस्तीचे 4,560 रुपये चार घरांत वाटून प्रत्येकी 1,140 आले. आपल्या नळाला पाणी चढतच नाही, तेव्हा वाटा का द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोटार सर्वांची आहे, असे माझे. इमारतीचा हिशेब माझ्याकडे असल्यामुळे ती येणे रक्कम मी दर वर्षी पुढे ओढत आले आणि जिन्यात समोरासमोर आलो की दोघेही भिंतीकडे बघत आलो.

22 जुलैच्या पहाटे आमचे दार वाजवले ते त्या गृहस्थांनी. पाणी तेव्हा फाटकाच्या आत आले होते आणि वीज गेलेली होती. ‘‘वहिनी, हातात येईल ते घ्या आणि वर या,’’ एवढेच ते बोलले. ह्यांनी औषधांचा डबा घेतला, मी कागदपत्रांची पिशवी आणि देव घेतले. अर्ध्या तासात आमच्या स्वयंपाकघरातला ओटा पाण्याखाली गेला. पुढच्या चार रात्री त्यांच्या दोन खोल्यांत आम्ही अकरा माणसे होतो. मोबाइल बंद, पिण्याचे पाणी टाकीत उरले होते तेवढेच. त्या घरच्या काकूंनी दोन वेळा भात-पिठले केले, आणि वाढताना आमच्या पानात आधी वाढले, हे मी तेव्हाही मोजत होते. मोजण्याची खोड संकटातही जात नाही.

प्रश्न असा की त्यांच्याकडून 1,140 येणे आहे आणि चार रात्रींचे देणे आहे. वजावट करता येईल का? ह्यांचे मत, ‘‘फाडून टाक ते पान.’’ माझे मत वेगळे आहे. ती दोन खाती भिन्न आहेत. एकातले दुसऱ्यात वळते करणे म्हणजे चार रात्रींची किंमत 1,140 ठरवणे होय. दोन्ही पाने तशीच ठेवली.

7 डिसेंबर, मंगळवार

टपाल कार्यालयातून 50 पोस्टकार्डे आणली. एक कार्ड अजून 50 पैशांनाच मिळते, म्हणजे एकूण 25 रुपये खर्च. खिडकीवरच्या बाईंनी ‘‘एवढी कशाला?’’ असे विचारले, तेव्हा ‘‘देणी आहेत’’ असे सांगितले.

परतताना प्रांत कार्यालयाजवळ वाशिष्ठी आणि शिव नद्यांतला गाळ काढावा या मागणीसाठी चाललेल्या साखळी उपोषणाच्या मंडपात थोडा वेळ बसले. पूर का आला, धरणाचे पाणी किती आणि पावसाचे किती, निळी पूररेषा कुठे आणि लाल कुठे, यावर गावात रोज वाद होतो आणि तो व्हायलाच हवा. आभार मानायला बसले म्हणून मी तक्रार मागे घेतलेली नाही. तिची वही निराळी आहे आणि तिच्यावर माझी सही आहे.

10 डिसेंबर, शुक्रवार

आज उधारीच्या गिऱ्हाइकांची पाने लिहिली. या प्रकरणावर सर्वांत जास्त वेळ गेला आणि जावा असेच ते होते.

दुकानातली उधारीची वही गल्ल्याच्या खणात होती. 22 तारखेला तो खण, गल्ला आणि टेबल यांतले काहीही जागेवर राहिले नाही. वही चार दिवसांनी मागच्या बोळात सापडली तेव्हा तिच्या पानांचा चिखलात लगदा झाला होता. बाजारपेठेत त्या आठवड्यात कागदाची हीच अवस्था होती. 1864 सालापासून चालत आलेल्या आमच्या वाचन मंदिरातल्या ग्रंथांचेही पाण्याने तेच केले, तिथे आमच्या वहीची काय कथा. ह्यांनी आठवून आठवून 34 नावे काढली आणि येणे साधारण 41,000 असावे असा अंदाज बांधला. पुरावा एकाही रुपयाचा नव्हता आणि ही गोष्ट सगळ्या गावाला ठाऊक होती, कारण वही वाळवण्याचा ह्यांचा खटाटोप रस्त्यावरच चालला होता.

ऑगस्टपासून आजपर्यंत त्यातले 19 जण आपण होऊन आले आणि 27,350 रुपये देऊन गेले. कोणी 200 दिले, कोणी दोन हप्त्यांत 3,000 दिले. एका शिकवणीवाल्या ताईंनी आपल्या वहीत लिहून ठेवलेला आमचा हिशेबच आणून दाखवला, आणि तो आमच्या अंदाजापेक्षा 460 रुपयांनी जास्त निघाला. शिरळ बाजूचे एक वयस्क गृहस्थ 2019 सालच्या वह्यांचे म्हणून 380 रुपये देऊन गेले. ह्यांना ती विक्री मुळीच आठवत नव्हती. ‘‘वही वाहून गेली, राहू द्या आता,’’ असे हे म्हणाले. त्यावर त्यांचे उत्तर असे होते, ‘‘वही वाहून गेली. मी कुठे वाहून गेलोय?’’

बत्तीस वर्षे मी वर्गात सांगत आले की प्रमाणकाशिवाय, म्हणजे पावती-बिलासारख्या लेखी पुराव्याशिवाय, नोंद होत नाही. इथे प्रमाणकही नाही आणि मागणीही नाही, तरी रक्कम आलेली आहे. अशा व्यवहाराची शिकवण्यासाठी उदाहरणे मी कधी रचली नाहीत, कारण परीक्षेत ती येत नसत.

उरलेल्या पंधरा जणांबद्दल मनात काही नाही. त्यांतल्या निम्म्यांची घरे पेठमाप आणि मुरादपूरकडे आहेत, आणि तिथे पाणी किती होते ते आम्हाला सांगायला नको. एकूण पाने आता 48.

13 डिसेंबर, सोमवार

शासनाची दहा हजारांची मदत या खतावणीत घ्यावी का, यावर सकाळी आमचा वाद झाला. मी घेतली नाही. ती रक्कम रोजकीर्दीत, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, जमा आहे आणि तिच्यावर आमचा हक्क होता. मात्र पंचनाम्यासाठी आलेल्या तलाठी बाईंचे पान उघडले. गुडघाभर चिखलातून त्या दोनदा आल्या, आणि माझ्या यादीत शिलाई यंत्र राहून गेले आहे हे त्यांनीच फ्रीजमागे पडलेल्या यंत्राकडे बोट दाखवून सांगितले.

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या घाऊक व्यापाऱ्यांचे पानही आजच लिहिले. त्यांचे आमच्याकडून 86,400 रुपये येणे आहे. सप्टेंबरमध्ये ह्यांनी भीत भीत फोन केला, तेव्हा त्यांनी जुन्या बाकीचा विषयच काढला नाही आणि दसऱ्यासाठी नवा माल धाडला. एकाच माणसाच्या नावाने पैशाचे देणे आणि आभाराचे देणे अशी दोन पाने झाली. पहिले फिटले की दुसरे फिटेल, असे ह्यांना वाटते. मला तसे वाटत नाही.

एसटीचा संप सुरूच असल्यामुळे खेर्डीच्या पलीकडे कोणाला जाऊन भेटणे जमत नाही. पोस्टकार्डांवरच भिस्त आहे. एसटीवरून आठवले. पुराच्या दिवशी इथल्या आगाराचे व्यवस्थापक सुमारे 9 लाखांची रोकड वाचवण्यासाठी बुडालेल्या गाडीच्या टपावर कित्येक तास पावसात बसून होते. त्यांनी माझ्यासाठी काही केले नाही, म्हणून माझ्या खतावणीत त्यांचे पान निघत नाही. पण रोकड सांभाळणाऱ्याबद्दल पुस्तपालनाच्या मास्तरणीला काही वाटू नये, हेही बरोबर नाही. एवढी ओळ नियमबाह्य.

16 डिसेंबर, गुरुवार

मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार असल्याने घट, पूजा आणि कहाणी यांत सकाळ गेली. दुपारी फावड्याचा तपास केला.

26 जुलैला पाणी ओसरलेल्या घरात मांडीपर्यंत गाळ होता. तो गाळ पावसात लोण्यासारखा आणि उन्हात सिमेंटसारखा होतो, म्हणून तो दोन दिवसांत निघाला नाही तर फरशीच उखडावी लागते. आम्ही दोघे साठीच्या घरातली माणसे घमेल्याने तो उपसत असताना एका टेम्पोतून सात मुले उतरली. त्यांनी नाव विचारले नाही आणि आम्हालाही सुचले नाही. दोन दिवस त्यांनी आमचे घर आणि दुकान दोन्ही मोकळे केले, सायंकाळी आमच्याकडून फक्त कोरा चहा घेतला, कारण दूध गावात कुठेच नव्हते. एकाच्या पायात काच गेली, तेव्हा मी वरच्या काकूंच्या जुन्या साडीची पट्टी फाडून बांधली. दुसऱ्या दिवशी ती मुले गेली आणि त्यांचे एक फावडे आमच्या अंगणात राहिले.

फावड्याच्या दांड्यावर पांढऱ्या रंगात ‘ग्रा. पं. शिर’ एवढी अक्षरे वाचता येतात. पुढची घासली गेली आहेत. पुढे ‘गाव’ असावे असे धरून बसले, तर शिरगाव आपल्या तालुक्यात आहे, रत्नागिरीजवळ आहे, देवगडमध्ये आहे आणि मावळातही आहे. चारही ठिकाणच्या सरपंचांना एकच मजकूर लिहिला : आपल्या ग्रामपंचायतीचे एक फावडे आमच्याकडे सुखरूप आहे, ते घेऊन आलेल्या सात मुलांना आमचा नमस्कार कळवावा, आणि ज्याच्या पायाला काच लागली होती त्याची जखम भरली का, तेही कळवावे.

18 डिसेंबर, शनिवार

दत्तजयंती. सुंठवडा घेऊन वरच्या मजल्यावर गेले. आभाराचे पोस्टकार्ड एकाच जिन्यातल्या घराला टाकणे हास्यास्पद झाले असते, म्हणून तोंडाने बोलायचे ठरवले होते आणि वाक्यही जुळवून ठेवले होते. ते अर्ध्यावर आले असताना काकू आत गेल्या आणि एक पाकीट घेऊन आल्या. त्यात 1,140 रुपये होते. ‘‘जुलैतच द्यायचे होते, पण तुम्ही आमच्याकडे राहत असताना दिले असते तर तुम्हाला ते टोचले असते,’’ असे त्या म्हणाल्या.

मी पैसे घेतले. नको म्हटले असते तर तो मोठेपणा मिरवल्यासारखा झाला असता. खाली येऊन पावती फाडली, पुन्हा वर नेऊन दिली, आणि त्यांनी ती चष्मा लावून वाचली. काका आतून म्हणाले, ‘‘आता नळाला पाणी चढतं का तेही लिहा पावतीवर.’’ मोटारीचे पान बंद झाले. चार रात्रींचे पान उघडे आहे.

22 डिसेंबर, बुधवार

उचंत खाते वाढत चालले आहे. घाटावरून आलेल्या भाकऱ्या आणि ठेचा यांचे एक पान आहे. फडक्यात बांधलेल्या त्या भाकऱ्या कोणी थापल्या हे टेम्पोवाल्यालाही ठाऊक नव्हते. पिण्याच्या पाण्याच्या टँकरचा चालक, मेणबत्त्यांचे पुडके देऊन गेलेली बाई, पंपाने दुकान धुऊन देणारे सफाई कामगार, रस्त्यावर टेबल मांडून औषधे वाटणारा तरुण डॉक्टर, यांपैकी एकाचेही नाव आमच्याकडे नाही.

आणि एप्रिलमधले एक पान. अण्णांना भेटायला कोणाला सोडत नव्हते. 17 तारखेला एका परिचारिकेने स्वतःच्या मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावून दिला आणि चार मिनिटे फोन अण्णांच्या तोंडासमोर धरून ठेवला. पीपीई किटमुळे तिचा चेहरा दिसला नाही. किटवर स्केचपेनने लिहिलेले नाव पडद्यावर उलटे दिसत होते आणि आमचे लक्ष तिकडे नव्हते. अण्णांना धाप होती. ते म्हणाले, ‘‘जून येतोय. रेषेखालचा माल वर घ्या.’’ मग फोन तिच्या हातात हलला, तिने तो पुन्हा सरळ केला आणि ‘‘बोला, बोला,’’ असे म्हणाली. 19 तारखेला ते गेले. त्या क्रमांकावर मी मे महिन्यात फोन केला, तो लागला नाही.

तिचे पान मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा ‘काय दिले’ या रकान्यात ‘चार मिनिटे’ एवढेच लिहून झाले.

27 डिसेंबर, सोमवार

एका शिरगावातून उत्तर आले. फावडे त्यांचे नाही, त्यांच्या गावातून त्या दिवसांत कोणी चिपळूणला आल्याचे त्यांच्या ऐकिवात नाही. तरीही पत्र ग्रामपंचायतीच्या फलकावर लावले आहे असे त्यांनी कळवले आहे. शेवटी लिहिले आहे, ‘‘फावडे कामाचे असेल तर वापरत राहावे.’’ वापरतोच आहोत.

30 डिसेंबर, गुरुवार

आज अण्णांचे पान घेतले. इतके दिवस ते मी टाळत होते.

26 जुलै 2005च्या पुरात दुकानात पाणी साडेसहा फुटांवर गेले होते. ते ओसरल्यावर अण्णांनी भिंतीवर लाल ऑइलपेंटने रेषा ओढली, तिच्यावर तारीख घातली आणि तिच्या वर सबंध भिंतीला फळ्या मारून घेतल्या. रेषेखाली कागद राहता कामा नये, हा त्यांचा नियम सोळा वर्षे चालला. त्यांच्या सांगण्याप्रमाणे आम्ही या जूनमध्ये सगळा माल फळ्यांवर चढवला. 22 जुलैला पाणी नऊ फुटांवर गेले, म्हणजे रेषेच्या अडीच फूट वर, आणि फळ्यांवरचा सगळा माल भिजला.

तेव्हा पुस्तपालनाच्या भाषेत त्या नियमाचा लाभ शून्य. ‘काय दिले’ या रकान्यात मी काय लिहावे? सोळा पावसाळे आम्ही निर्धास्त झोपलो, असे लिहिता येईल. पण मालाच्या हिशेबात झोप धरत नाहीत. ह्यांना विचारले. हे काही बोलले नाहीत. दुपारी दुकानात गेले तर स्टुलावर चढून हे नऊ फुटांवर नवी रेषा ओढत होते. हात थरथरल्यामुळे ती मध्ये थोडी खाली आली आहे. खालची रेषा पुसायची का, असे मी विचारले, तर म्हणाले, ‘‘ती कशाला पुसायची? ती अण्णांची आहे.’’ सुताराला फळ्या छताला लावून मारायला सांगितले आहे. तो संक्रांतीनंतर येईल.

पानावर नाव लिहिले, रकाना कोरा ठेवला.

31 डिसेंबर, शुक्रवार

तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची गोळाबेरीज, काढली. एकूण पाने 74. नाव असलेली 46, उचंत 28. पोस्टकार्डे 44 जणांना गेली, वरच्या मजल्याला तोंडी सांगून झाले, अण्णांना पाठवायचे नाही. चार शिरगावांना, दोन शाई सांडून वाया गेली, पन्नास संपली.

उचंत खाते शून्यावर आलेले नाही, तेव्हा प्रकल्प अपुरा राहिला असे मी ह्यांना सांगितले. हे मटार सोलत होते. वर न बघता म्हणाले, ‘‘अगं, आपलं आर्थिक वर्ष 31 मार्चला संपतं. तू डिसेंबरात कसली खाती बंद करतेस?’’

बत्तीस वर्षे शिकवलेली गोष्ट महिनाभर लक्षात आली नाही. मुदत तीन महिन्यांनी वाढवली आहे. वरच्या काकूंची एक मावसबहीण रत्नागिरीला परिचारिका आहे. एप्रिलमध्ये त्या वॉर्डात कोण कोण होते ते ती विचारून सांगणार आहे. सोमवारी टपाल कार्यालयातून आणखी 25 कार्डे आणायची आहेत.